उतरलेली वेल

उतरत्या पानवेलीचा वास तुम्ही कधी घेतला आहे काय? फाल्गुनातली सकाळ असावी, पांगाऱ्याच्या खोडांवरचं दव अजून वाळलेलं नसावं, आणि वर्षभर वर वर चढत गेलेली खाऊच्या पानाची वेल आपण हलक्या हाताने सोडवून खाली घेत असावं. त्या घाईगर्दीत चार-दोन पानं बोटांखाली चुरगळतात आणि जो तिखट, हिरवा, किंचित लवंगेसारखा उष्ण गंध उठतो, तो नुकत्याच शिंपलेल्या मातीच्या गंधात मिसळून अंगभर चढतो. पश्चिमेकडून येणारा खारा वारासुद्धा त्या वासापुढे दोन पावलं मागे सरतो. साठ वर्षं मी हा वास घेत आलो आहे. पण त्यात काय भरलेलं आहे हे मला कळलं ते एकसष्टाव्या वर्षी, आणि तेही शहाणपणाने नव्हे, लाजेने.

मी शिकलेला माणूस नव्हे. मराठी तिसरी झाली आणि बापाने पाटी काढून घेऊन हातात खुरपं दिलं. चार जड शब्द येतात ते चातुर्मासात देवळात पोथी वाचतो म्हणून. गावात माझ्याएवढा खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. तेव्हा लिहिण्यात चूक दिसली तर पोटात घाला. सांगण्यात चूक नाही. आणि जे सांगतो आहे ते आजवर कुठल्या पुरुषाने कागदावर घातलेलं मला तरी दिसलं नाही. सगळे जण जणू त्या बाबतीत जन्मभर धडधाकट असतात!

आधी वेलीचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पानमळ्यात वेल पांगाऱ्याच्या खांबावर चढवतात. ती चढत चढत टोकाला पोचली की तिचा जीव थकतो, पान बारीक होतं, देठ आखडतो. नवख्याला वाटतं, संपली. पण माळी काय करतो? तिचे बंद सोडतो, तिला अलगद खाली घेतो, पानं झडलेला गाठाळ जुना भाग वेटोळं करून खांबाच्या बुडाशी मातीत निजवतो, आणि हातभर कोवळा शेंडा तेवढा बाहेर ठेवून केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, खांबाला सैल बांधतो. याला आम्ही उतरण म्हणतो. मातीतल्या त्या वेटोळ्याच्या पेरापेरातून नवी मुळं फुटतात, आणि तीच म्हातारी वेल पुन्हा पहिल्यापासून चढू लागते. मात्र उतरणीनंतर सव्वा महिना तिचं एकही पान खुडायचं नाही. सावली करायची, थोडं थोडं पाणी द्यायचं, आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हे त्यातलं सगळ्यांत कठीण काम.

ते मला पहिल्यापासूनच जमत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, मी वीस वर्षांचा असताना, बापाने बारा खांबांची एक ओळ माझ्या एकट्याच्या हाती दिली. मी मोठ्या ऐटीत उतरण केली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी जाऊन बोटाने माती उकरून बघू लागलो, मूळ फुटलं की नाही! बघायचं आणि पुन्हा माती सारायची. आठव्या दिवशी बाराच्या बारा वेलींनी माना टाकल्या. बापाने सगळ्यांच्या देखत विचारलं, "दाम्या, तू वेल लावलीस की पुरलेलं धन शोधतोयस?" माझी नवी नवरी, भागी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, केळीच्या आड उभी राहून पदरात तोंड घालून हसली होती. त्या हसण्याचा मला महिनाभर राग होता. माणसाला कुठल्या गोष्टीचा राग येतो आणि कुठली गोष्ट पुढे आपला जीव तारते, हे त्या त्या वेळी कळतं तर काय हवं होतं!

दुखणं सुरू झालं ते सरकारच्या दारूबंदीनंतर दोन-तीन वर्षांनी. लघवीला बसावं तर थेंब थेंब. उठावं तर पुन्हा जावंसं वाटावं. मग एकदा रक्त दिसलं. मी कुणाला बोललो नाही. गावात ज्याच्या आवाजाने देऊळ भरतं त्याने हे कुणाला सांगावं? ओळखलं ते पास्कूने. पास्कू म्हणजे माझा शेजारी, रहाटाचा सुतार, ख्रिस्ती; त्याच्या आणि माझ्या वाडीत विहीर एकच, त्यामुळे भांडण आणि मैत्री दोन्ही रोजची. विहिरीवर रहाटाची माळ ठोकता ठोकता त्याने मला तीनदा केळीमागे जाताना पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली.

"दामू, रहाटाचं गाडगं अडकलं की तू मला हाक मारतोस. आता तुझंच अडकलं तर कुणाला हाक मारणार?"

"म्हातारपण आहे रे," मी म्हणालो.

"म्हातारपण माझंपण आहे. मी काय केळीला सारखा पानी घालत फिरत नाय. आमी फादरपुढे पापं कबूल करतो, तुला डॉक्टरपुढे मुतनं कबूल करायला लाज वाटते? चल मुंबईला."

गेलो. मुंबईच्या इस्पितळातला डॉक्टर माझ्या थोरल्याच्या वयाचा होता. तपासण्या झाल्या, मांसाचा कण काढून पाहिला, आणि त्याने सांगितलं की पुरुषालाच असते अशी एक गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी असते, तिच्यात कॅन्सरची सुरुवात झाली आहे. वेळेवर आलात, सगळीच्या सगळी काढली तर वाचाल. मी म्हटलं काढा. मला भीती वाटली नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? वाटली. भागी बाहेर बाकावर बसली होती, आणि खोलीबाहेर येऊन तिला सांगताना माझ्या तोंडून फक्त "उतरण करायची म्हणतात" एवढंच निघालं. ती म्हणाली, "मग करू." जणू ती दोघांची होती.

शस्त्रक्रिया झाली. ओटीपोटावर वीतभर व्रण, रबरी नळी, आणि खाटेला टांगलेली बाटली. दहाव्या-बाराव्या दिवशी डॉक्टर आला आणि त्याने विचारलं, "मुलं किती, बाबा?"

"चार."

"झालं तर. लघवी हळूहळू ताब्यात येईल. ते दुसरं मात्र... या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचं जातं. तिथल्या नसा दुखावतात. वयही झालं आहे. विसरून जा आता."

हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदाकडे पाहत होता. जीव वाचवला त्याने, त्याचे उपकार मी सात जन्म विसरणार नाही. पण त्या एका वाक्यापुरता मला त्याचा संताप आला. एकसष्ट वर्षांच्या माणसाला विसरण्यासारखं काही उरलेलं असतं, हे त्याने कबूल केलं आणि लगेच विसरायलाही सांगितलं! आणि मी? मी कुणाच्या सांगण्यावरून आजवर काही विसरलेलो नाही. बापाने सांगितलं तरी पोथी विसरलो नव्हतो.

घरी आलो. पहिले चार महिने पाण्याचेच गेले. खोकलो की धोतर ओलं, वाकलो की ओलं. भागी जुन्या धोतरांच्या घड्या करून द्यायची, धुऊन केळीमागे वाळत घालायची, लोकांना दिसू नयेत अशा. इस्पितळातल्या एका बाईने मला एक युक्ती सांगितली होती: लघवी होत असताना मध्येच अडवायची, पुन्हा सोडायची, पुढे बसल्या जागी, नुसतं आतून आवळायचं आणि सैल सोडायचं. मला ते पाटाच्या पाण्यासारखं वाटलं. चिखलाच्या गोळ्याने पाटाचं तोंड बांधावं, सोडावं, पुन्हा बांधावं. हे काम मला कुणी शिकवायला नको. खांबाला टेकून बसलो की मी ते शंभरदा करायचो, आणि समोरच्याला वाटायचं दामूशेठ विचारात आहेत. पाचव्या महिन्यात धोतर कोरडं राहू लागलं. मी मिशीला पीळ दिला.

पण ते दुसरं? ते मात्र जागच्या जागी निपचित होतं. मित्रा, तू वाचणारा कोण आहेस मला ठाऊक नाही. तरुण असलास तर हसशील, माझ्या वयाचा असलास तर हे वाचताना इकडेतिकडे बघून घेशील. या वयात त्याचं काय एवढं, असं तूही म्हणशील काय? मग ऐक. पुरुष जेव्हा आपल्या बायकोजवळ जातो तेव्हा तो केवळ शरीर घेऊन जात नाही. दिवसभर बाजारात, बांधावर, भाऊबंदांत जे जे कठोर झालेलं असतं, ते सगळं उतरवून ठेवण्याची ती एकच जागा त्याला असते. माझ्यासारख्या हट्टी माणसाला तर दुसरी नव्हतीच. मला कुणाजवळ रडता येत नाही, कुणाची क्षमा मागता येत नाही. ते सगळं मी एकेचाळीस वर्षं शब्दांवाचून तिच्याजवळ करत आलो होतो. ते दार बंद झालं तर मी उरलेलं आयुष्य मुका होऊन काढायचं काय?

आमच्यात एक खूण होती. दुपारी चर्चची बाराची घंटा झाली की आमच्याकडे पानं वाढली जायची. घर हिंदूचं, घड्याळ ख्रिस्ती, आमच्या पट्ट्यात हे असंच असतं. जेवण झालं की भागी विडा करायची. तो तिने हातात दिला तर तो नुसता विडा. पण पितळी तबकात ठेवून, वर लवंग खोचून, ती काही न बोलता आत गेली, तर त्या विड्याला अर्थ होता. तो मी उचलून खाल्ला की त्याला उत्तर होतं. एवढ्या वर्षांत या गोष्टीबद्दल आम्ही दोघांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. इस्पितळातून परतल्यावर, मी हिंडूफिरू लागलो तेव्हा, तिने पुन्हा तबकात विडा ठेवला. वर लवंग. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "दात हलतो माझा." दात पहाडासारखे होते. त्याच आठवड्यात मी माझी वाकळ उचलून पडवीत नेली, जिथे बाजारात जाणाऱ्या पानांच्या करंड्या रचलेल्या असत. म्हटलं, करंड्यांची राखण करतो. पानांच्या करंड्यांना कधी चोर लागला आहे काय? पण माझ्या तोंडावर मला विचारणार कोण!

आणि तिथे, त्या पडवीत, मी माझी जुनी चूक पुन्हा केली. रोज पहाटे जाग आली की डोळे उघडण्याआधी मी स्वतःला विचारायचो, आहे काही? हालचाल? नाही. मग दिवस वाईट जायचा. दुसऱ्या पहाटे पुन्हा. कधी मनाला ताण देऊन, जुन्या आठवणी ओढून आणून, बैलाला पराणी टोचावी तसं शरीराला टोचून पाहायचो. ते जास्तच रुसायचं. पास्कूला एकदा मी अर्धं बोललो, अर्धं त्याने ओळखलं. तो म्हणाला, "सरकारने दारूबंदी केली, डॉक्टरने तुझी दुसरी बंदी केली. पन दामू, आपल्या गावात बंदी पाळतो कोन रे?" आणि त्याने मुंबईहून एक पुडी मागवून आणली. राजेरजवाडे खातात म्हणाला. मी ती एका मरतुकड्या वेलीच्या बुडात ओतली. वेल मेलीही नाही, वाढलीही नाही. पास्कूला सांगितलं तर तो म्हणाला, "मग वेल राजघराण्यातली नसंल."

भागी तबकात विडा ठेवत राहिली. रोज नव्हे, पूर्वीसारखाच, तिच्या मनाने, आठवड्यातून एखादा. मी उचलायचो नाही. संध्याकाळपर्यंत पान कोमेजायचं, काळं पडायचं, आणि ती ते तुळशीच्या बुडाशी टाकायची. मला वाटायचं, ही मला टोचते आहे. मला वाटायचं, हिला कळत कसं नाही? आणि मग फाल्गुनात, उतरणीच्या आदल्या दुपारी, मी जेवून उठलो, सवयीने तबकाकडे पाहिलं, आणि तबक कोरडं होतं. त्याच्या पुढल्या दुपारीसुद्धा ते भरणार नाही हे मला त्या लख्ख घासलेल्या पितळेकडे पाहूनच कळलं. विडा असताना ज्याचा मला राग होता, तो नसताना माझ्या पायाखालची माती सरकली! आता खरोखर संपलं. डॉक्टर म्हणाला तेव्हा संपलं नव्हतं, आता संपलं.

आमच्या घरची एक रीत आहे. उतरणीची पहिली वेल गड्याने उतरवायची नाही. घरधन्याने आणि घरधनिणीने मिळून उतरवायची. तो शिडीवर चढून बंद सोडणार, ती खाली उभी राहून वेल झेलणार आणि वेटोळं करणार. त्या सकाळी मी तोंड फिरवून शिडीवर चढलो. खाली ती. मी एक बंद सोडला, दुसरा सोडला, वेल सैल होऊन तिच्या हातात सरकू लागली, आणि तो मघाशी सांगितलेला वास उठला. तेवढ्यात खालून, वर न बघता, ती म्हणाली, "बारा खांब आठवतात काय तुमाला?"

"कुठले बारा खांब?"

"उकरलेले."

मी तिसऱ्या बंदाला हात घातला.

"पडवीत झोपून रोज तेच करताव. रोज सकाळी माती उकरून बगताव, मूळ आलं का, मूळ आलं का. तुमचं तोंड बगितलं की मला कळते, आज काय सापडलं नाय ते. असं उकरलं तर कोनाचं मूळ धरंल?"

शिडीवरून पडलो नाही एवढंच. चिडून म्हणालो, "मग काल विडा का नाही ठेवलास?"

तिने वेलीचं वेटोळं अलगद खड्ड्यात ठेवलं, जसं तान्ह्याला ठेवतात. मग म्हणाली, "सहा महिने ठेवला. तुमाला वाटलं मी काय मागते. मी मागत नवते हो. आपन दोघं अजून हाव, एवढंच सांगत होते. एकेचाळीस वरसं मीच दुमडला विडा. आता तुमी करा."

"मी?"

"पानं पिकवताव ना सगळ्या दुनियेसाठी? मग एक मला दुमडून द्या. मला दुसरं कायपन नको. मानूस पडवीतून घरात यायला पायजे."

एवढं बोलून तिने माती सारली, तळव्याने थापली आणि म्हणाली, "दुसरी सोडा आता. ऊन चढते."

त्या दुपारी, बाराची घंटा झाली, जेवणं झाली, आणि मी, ज्याच्या मळ्याचं पान दिल्लीपर्यंत जात होतं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोसाठी विडा करायला बसलो. पान निवडलं ते मात्र असं की डोळ्यांत भरावं: पोपटी, पातळ, टोक न दुखावलेलं. देठ काढला, शिरा काढल्या. सुपारी कातरली ती जाडजूड. कात घातला. चुना किती घ्यायचा? मी भिंतीला लावतात तसा घेतला! दुमडलं तर ते उलगडलं, पुन्हा दुमडलं, शेवटी लवंग खिळ्यासारखी ठोकली. तबकात ठेवलं आणि तिच्यासारखाच, काही न बोलता, आत गेलो. आत जाऊन उभा राहिलो, आणि देवापुढे राहिलो नसेन इतका जीव मुठीत धरून ऐकत राहिलो. उचलते की नाही?

चावल्याचा आवाज आला. मग एक किंकाळी. "अवो, मारताव काय! जीब भाजली!" मी धावत बाहेर आलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड लाल, जीभ बाहेर, आणि ती हसत होती. पदर तोंडाशी धरून, अगदी त्या बारा खांबांच्या वेळी हसली होती तशी. मी खोबरं आणलं, साखर आणली, तिच्या तोंडात घातली. आणि मित्रा, मी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता माझा हात तिच्या खांद्यावर होता हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्या हाताने त्या वेळी काही तपासलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं.

वाकळ घरात आली. आम्ही वेलीचा नियम स्वतःला लावला: सव्वा महिना पान खुडायचं नाही. कसली परीक्षा नाही, कसला प्रयत्न नाही. दुपारची निवांत वेळ, बाहेर रहाटाची करकर, आणि ती माझ्या गुडघ्यांना तेल लावायची. मग तिने विचारलं, व्रणाला लावू काय? त्या व्रणावर मी स्वतःसुद्धा नीट हात ठेवला नव्हता. तिने ठेवला. शेतात खपलेल्या हाताचा तो खरबरीत तळवा, आणि त्यातली ती ऊब! मला कळलं की इतके दिवस मी माझ्या शरीराकडे एका हरलेल्या नोकराकडे पाहावं तसं पाहत होतो, आणि ही त्याच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होती. मग एक दिवस मी तिच्या पायांना तेल लावलं. टाचा भेगाळलेल्या. एकेचाळीस वर्षांत त्या भेगा मी पाहिल्या नव्हत्या. काय पाहत होतो मी तेव्हा? आपलंच बळ पाहत होतो, दुसरं काय!

सव्वा महिना झाला, मळ्यात नवी पानं उलगडली. आमचं लगेच काही उलगडलं नाही, हेही सांगतो, म्हणजे कुणी उगाच आशेने महिना मोजत बसायला नको. वैशाख गेला, पावसाळा लागला. मधूनमधून, मी विचारलेलं नसताना, एखादी चाहूल यायची. मी तिच्याकडे लक्ष दिलं की ती जायची. म्हणून लक्ष देणं सोडलं. मग श्रावणातली एक दुपार. मुलं-सुना निर्मळच्या देवाला गेलेल्या, घर रिकामं, पागोळ्यांचा संथ आवाज, तबकात माझ्या हातचा विडा, चुना आता बरोबर पडलेला. पुढचं मी लिहीत नाही. ते आमचं आहे. एवढंच सांगतो की मूळ धरलं होतं.

पूर्वीसारखं झालं काय? नाही. पूर्वीचा जोर नाही. बीज तर आता नाहीच, ते डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. कधी साधतं, कधी साधत नाही. पण जे सुख पूर्वी वादळासारखं येऊन जायचं, ते आता भरतीच्या पाण्यासारखं येतं, पाचूबंदरच्या धक्क्याशी हळूहळू चढत जावं तसं, आणि ते चढताना आम्ही दोघं ते पाहत असतो. ज्या दिवशी साधत नाही त्या दिवशी आम्ही उकरत बसत नाही. ती म्हणते, "आज सावली." आणि कूस बदलून माझ्या दंडावर डोकं ठेवते. त्या दिवसाला मी हार म्हणत होतो, वेड्यासारखा!

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरपुढे बसलो. गाठीचं काही मागे उरलेलं नाही, प्रकृती उत्तम, असं तो म्हणाला आणि कागद मिटू लागला. मी म्हणालो, "डॉक्टर, ते दुसरं तुम्ही विसरायला सांगितलं होतं. मी विसरलो नाही. ते आलं."

त्याने चष्मा काढला. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं. "कसं काय बाबा? काही औषध?"

"उतरण केली," मी म्हणालो, आणि मग त्याला वेलीचं, सव्वा महिन्याचं, चुन्याचं, सगळं सांगितलं. तो प्रथम हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "सगळ्यांचं परत येत नाही, बाबा."

"नसेल. पण पडवीतून घरात तर सगळ्यांना येता येतं ना? ते तरी सांगा लोकांना. कागदाकडे बघून विसरायला सांगू नका."

बाहेर भागी बाकावर बसली होती. तिला वाटलं, मी एवढा वेळ लावला म्हणजे काही वाईट निघालं. मी म्हटलं, "डॉक्टरला शिकवत होतो." ती म्हणाली, "तिसरी शिकलेला मानूस!" तेव्हाच मी ठरवलं होतं की हे लिहायचं. कुणीतरी कुठल्यातरी पडवीत आत्ता वाकळ घालून करंड्यांची राखण करत असेल. त्याच्या हाती पडलं तर पडलं.

परवा पुन्हा उतरण झाली. मी आता शिडीवर चढत नाही. म्हणजे चढू शकतो, पण भागी चढू देत नाही, आणि तिच्याशी वाद घालण्यात शहाणपणा नाही हे मला उशिरा का होईना कळलं आहे. सुनेने बंद सोडले. खाली मी आणि भागी, दोघंही जमिनीवर बसून, वेल झेलायला. ती सरकत आली तशी दोन पानं माझ्या बोटांत चुरगळली, आणि तो वास उठला, तिखट, हिरवा, लवंगेचा. आम्ही दोघांनी मिळून वेटोळं केलं, मातीत निजवलं, वर माती सारली. भागीने तळव्याने थापली. मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला आणि क्षणभर तसाच दाबून धरला. खाली काय चाललं आहे ते आम्हांला दिसत नव्हतं. बघायची गरजही वाटली नाही. तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली, आणि मी हात झटकून उठलो. घरी तबक वाट पाहत होतं, आणि आज विड्याची पाळी माझी होती.